लहानपणीचं घर आणि आजचं मन: जुने नियम कसे शोधायचे, कसे बदलायचे

"माझ्या लहानपणी तसं वाईट काहीच झालं नाही. मारहाण नाही, कशाची कमतरता नाही. मग मला असं का होतं?" मानसिक त्रासाबद्दल विशी-पंचविशीतली मुलंमुली बोलायला लागली की हा प्रश्न हमखास येतो. 'असं' म्हणजे मित्राने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही की दिवसभर पोटात गोळा येणं. कुणी कौतुक केलं तर ते खोटंच वाटणं. सगळं सुरळीत चाललेलं असताना आता काहीतरी बिघडणार म्हणून धास्तावून बसणं. काहींना तर काहीच वाटत नाही, आणि त्यांना त्याचीच भीती वाटते.

वाईट घटना शोधत बसलं तर पुष्कळांच्या हाती काही लागत नाही. कारण मूल घरात घटनांच्या बरोबरीने नियमही शिकत असतं: इथे राग आला की काय होतं, रडलं तर कोण येतं, चुकलो तर आपण नकोसे होतो का. त्या घरात ते नियम बहुतेक वेळा बरोबरच असतात. मुलाने ते विचार न करता, टिकून राहण्यासाठी उचललेले असतात. पुढे घर सुटतं, माणसं बदलतात आणि नियम मात्र तसाच चालू राहतो. हा लेख त्या नियमांबद्दल आहे. तो साधारण १६ ते २८ वयाच्या वाचकांना समोर ठेवून लिहिला आहे. आईवडिलांसाठीही पुढे थोडं आहे.

एक सूचना आधीच. घरात आजही मारहाण, लैंगिक त्रास किंवा धमक्या चालू असतील, तर वही-पेन घेऊन बसण्याची ही वेळ नव्हे. आधी सुरक्षित जागा आणि विश्वासाचं मोठं माणूस गाठा. बाकीचं नंतर.

आधी थोडं विज्ञान

१९९८ साली अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन फेऱ्या मिळून १७,००० हून अधिक प्रौढांना लहानपणाबद्दल विचारलं होतं: मार, अपमान, दुर्लक्ष, आईला होणारी मारहाण, घरातलं व्यसन, मानसिक आजार, आईवडिलांचं विभक्त होणं, घरातलं कुणी तुरुंगात जाणं. जवळपास दोन-तृतीयांश लोकांनी यातला किमान एक अनुभव सांगितला. चार किंवा अधिक अनुभव असलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसनं आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत, चार ते बारा पट आढळला.

तेव्हापासून इंटरनेटवर 'तुमचा स्कोअर काढा' छापाच्या प्रश्नावल्या फिरत असतात. त्या भरून घाबरू नका. हे आकडे हजारोंच्या समूहाचे आहेत. एका माणसाचं पुढे काय होईल हे त्यावरून सांगता येत नाही, आणि खुद्द अँडा यांनीच सहकाऱ्यांसोबत २०२० साली तसा इशारा दिला आहे. शिवाय आईवडील मुलाला नुसतं वातावरण देत नाहीत, जनुकंही देतात. चिंतेचा स्वभाव काही अंशी वारशानेही येतो. तेव्हा प्रत्येक त्रासाचं मूळ संगोपनातच शोधायचं ठरवलं, तर ते आईवडिलांवरही अन्याय करणारं आहे आणि स्वतःवरही.

दुसरा एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. सेथ पोलक या मानसशास्त्रज्ञाने मुलांना पडद्यावर हळूहळू स्पष्ट होत जाणारे चेहरे दाखवले. ज्यांनी घरी मार सोसला होता त्या मुलांनी चेहऱ्यावरचा राग इतर मुलांपेक्षा लवकर, म्हणजे चेहरा बराच धूसर असतानाच ओळखला. याला दोष कसा म्हणायचं? हे कमावलेलं कौशल्य आहे. ज्या घरात वडिलांच्या पावलांच्या आवाजावरून मूड ओळखावा लागतो, तिथे ते उपयोगी पडतं. फक्त वर्गात, ऑफिसात, प्रेमात तेच कौशल्य नसलेला राग शोधून काढायला लागतं.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर धोक्याची चाहूल लागली की कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात आणि धोका टळला की खाली येतात. लहानपणी ही यंत्रणा सारखीच पेटती राहिली तर ती चटकन भडकायला शिकते. काही जणांत उलट ती मंदावते आणि माणूस बधिर झाल्यासारखा होतो. भावनांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांना तो १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन-चतुर्थांशांना २४ व्या वर्षापर्यंत सुरू झाल्याचं दिसलं. म्हणजे त्रास याच वयात डोकं वर काढतो, आणि बदलाला मेंदू तयार असतो तोही याच वयात.

पायरी पहिली: घरातलं रोजचं वातावरण लिहून काढा

वेळ दिवसाची निवडा. रात्री अंथरुणात पडून हे करू नका, कारण मग झोप जाते. पंधरा-वीस मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की थांबा. जेम्स पेनबेकर यांनी १९८६ पासून अशा लिहिण्यावर प्रयोग केले, त्यांतही सलग काही दिवस, रोज थोडा वेळ अशीच पद्धत होती. फायदा सगळ्यांना होतो असं नाही, आणि लिहिल्यावर लगेच थोडं जड वाटणं नेहमीचं आहे. पण दोन-तीन दिवसांनीही ते जड वाटणं उतरत नसेल, हातपाय थरथरत असतील, जुनी दृश्यं आपोआप डोळ्यांपुढे येत असतील, तर लिहिणं बंद करा आणि थेट शेवटच्या पायरीकडे जा.

काय लिहायचं? मोठे प्रसंग सोडून साधे प्रश्न घ्या. आईवडिलांपैकी कुणी चिडलं की बाकीचे काय करायचे? तुम्ही आजारी पडलात की जवळ कोण बसायचं, आणि ते कुरकुरत की मनापासून? मार्क कमी पडले तर पहिलं वाक्य कोणतं यायचं? भांडण झाल्यावर ते मिटायचं कसं, की नुसतंच विरून जायचं? घरात कोणत्या विषयावर बोलायचं नाही हे न सांगता सगळ्यांना माहीत होतं? तुमच्या आनंदात कुणाला आनंद व्हायचा?

चांगलंही लिहा, आणि ते शिष्टाचार म्हणून नको. आजीने केसांवरून फिरवलेला हात, दर रविवारी सोबत चालायला नेणारे काका, दादाने तुमच्यासाठी बोललेलं खोटं. आज तुम्ही ज्या जोरावर उभे आहात त्यातला बराचसा भाग तिथून आलेला असतो.

भावंडांच्या आठवणी वेगळ्या निघाल्या तर गोंधळू नका. थोरलीच्या वेळचे आईवडील पंचविशीतले, घाबरलेले, पैशाच्या ओढाताणीत असतात. धाकट्याच्या वेळी तीच माणसं स्थिरावलेली असतात. घर एकच, पण बालपणं दोन.

पायरी दुसरी: नियम एका वाक्यात पकडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. लिहिलेलं पुन्हा वाचा आणि 'आमच्या घरात … म्हणून मी …' असं वाक्य पूर्ण करून पाहा.

आमच्या घरात चूक झाली की आई दोन-दोन दिवस बोलायची नाही, म्हणून मी चूक होण्याआधीच माफी मागतो. आमच्या घरात आधीच इतके प्रश्न होते, म्हणून मी माझा प्रश्न सांगत नाही. आमच्या घरात मार्क आले की मी दिसायचे, एरवी नाही, म्हणून मी थांबले की मला माझी किंमत शून्य वाटते. आमच्या घरात प्रत्येक गोष्टीत चुलत भावाशी तुलना व्हायची, म्हणून मी स्पर्धा असेल तिथे उतरतच नाही.

एक प्रकार पटकन लक्षात येत नाही, कारण त्याचं कौतुकच होतं: लवकर मोठं झालेलं मूल. आई सतत आजारी किंवा उदास, वडिलांचं व्यसन, किंवा दोघांची भांडणं, आणि मधे दहा वर्षांची मुलगी. ती भावाला जेवायला वाढते, आईचं मन हलकं करते, वडिलांची समजूत घालते. 'किती समजूतदार पोर!' असं सगळे म्हणतात. हीच मुलगी तेविसाव्या वर्षी सगळ्या मैत्रिणींचा आधार असते आणि स्वतः कोलमडली की कुणाला फोन करायचा हे तिला सुचत नाही. तिचा नियम असतो, 'मी उपयोगाची आहे तोवरच मी हवी आहे.' घरातल्या कामात मदत करणं वाईट नाही, मुलं त्याने सक्षमच होतात. मोठ्या माणसाच्या मनःस्थितीची जबाबदारी लहानावर पडते तेव्हा बिघडतं.

भांडणांबद्दलही थोडं सांगायला हवं. आईवडील भांडले म्हणून मूल बिघडतं असं सरसकट नाही. मार्क कमिंग्ज यांच्या अनेक वर्षांच्या अभ्यासांतून दिसलं ते असं, की भांडण कसं होतं आणि ते मिटताना मुलाला दिसतं का, याने मोठा फरक पडतो. दार आपटून सुरू झालेला अबोला आठवडाभर चालला, तर मुलं तो ऐकू न येणारा आवाजही ऐकत असतात.

तुमची दोन-तीन वाक्यं मिळाली की पुरे. वीस नियम सापडले असतील तर बहुधा तोच नियम वीस कपड्यांत आला आहे.

पायरी तिसरी: नियम आज कुठे डोकं वर काढतो ते नोंदवा

दोन आठवडे खिशातल्या वहीत किंवा फोनवर छोट्या नोंदी ठेवा. प्रत्येक नोंदीत चारच गोष्टी: काय झालं, शरीरात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, मी काय केलं. नमुना असा:

*मंगळवार, रात्री आठ. रूममेटने कपाटाचं दार जोरात लावलं. खांदे वर गेले, श्वास अडकला. मनात: 'माझ्यावर चिडली.' मी उठून न सांगताच तिचे कपडे घडी केले. नंतर कळलं, दाराची बिजागरी अडकते.*

शेवटचं वाक्य, म्हणजे नंतर खरं काय कळलं, ते मुद्दाम लिहा. काही दिवसांत वहीत असे पुरावे जमतात. काही नोंदींत समोरचा खरोखरच चिडलेला असेल. तेही लिहा. आपल्याला सगळं छान आहे असं स्वतःला पटवायचं नाही, फक्त जुना अंदाज आज किती वेळा खरा ठरतो ते मोजायचं आहे.

शरीराची नोंद टाळू नका. पुष्कळांना भावना आधी शरीरात कळते: जबडा आवळणं, पोट दुखणं, अचानक झोप येणं. त्या क्षणी विचारांशी वाद घालून उपयोग होत नाही. आधी पाय जमिनीवर टेकवा, श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा, असं आठ-दहा वेळा. मग विचाराकडे वळा.

पायरी चौथी: नियम थोडासाच मोडून पाहा

'आजपासून मी कुणाचीही पर्वा करणार नाही' असले संकल्प सोमवारी केले की बुधवारी संपतात. प्रयोग इतका लहान हवा की फसला तरी काही बिघडू नये. सारखी माफी मागणाऱ्याने एका दिवसात एक 'सॉरी' गिळायची. मदत न मागणाऱ्याने आधी फुटकळ गोष्ट मागायची: 'तुझ्या नोट्स देशील?' मार्कांवर स्वतःला तोलणाऱ्याने एखादी गोष्ट मुद्दाम बेताचीच करून द्यायची. करण्यापूर्वी लिहा: काय होईल असं वाटतं? झाल्यावर लिहा: काय झालं?

पहिल्या काही वेळा भीती कमी होत नाही, कधी वाढतेसुद्धा. अपराधी वाटतं, जणू घराशी बेइमानी केली. याचा अर्थ प्रयोग चुकला असा नाही. तोच प्रयोग दोन-चार वेळा करून मग पुढचा, जरा मोठा घ्या.

पायरी पाचवी: घरच्यांशी बोलायचं का?

बोललंच पाहिजे असं नाही. समोरचा माणूस हयात नसेल, आजही हिंसक असेल, किंवा तुम्ही सांगितलेलं उद्या टोमण्यात वापरणार असेल, तर न बोलताही वरच्या पायऱ्या चालतात. बोलायचं ठरवलं तर आधी स्वतःला विचारा की त्यातून काय हवं आहे. 'त्यांनी कबूल करावं' एवढंच हवं असेल तर निराशा होण्याची शक्यता मोठी आहे.

आठवणींवरून वाद होणारच. २०१९ सालच्या एका आढाव्यात, लहानपणीच नोंदवलेले त्रासदायक अनुभव आणि मोठेपणी सांगितलेले अनुभव यांचा मेळ बराच कमी बसतो असं दिसलं. म्हणजे कुणी खोटं बोलतं असं नव्हे. आईला जे विसरण्याजोगं वाटलं ते तुम्हाला वर्षानुवर्षं पुरलं. म्हणून 'तू असं केलंस की नाही' या कोर्टात जाऊ नका. आज काय होतं आणि पुढे काय हवं, यावर बोला.

"आई, थोडा वेळ आहे का? भांडायचं नाहीये."

"बोल ना."

"तू बोलणं बंद केलंस की मला अजून लहानपणीसारखी भीती वाटते. कामात लक्षच लागत नाही."

"अगं, मी काय मुद्दाम करते का? आमच्या वेळी तर—"

"मुद्दाम नाही करत, माहीत आहे मला. एवढंच सांग, रागावलीस तर 'आत्ता रागावले आहे, उद्या बोलू' असं म्हणशील?"

आई लगेच हो म्हणेल असं नाही. 'एवढं सगळं केलं तुमच्यासाठी' हे वाक्य येईल. त्यावर 'केलंस, आणि तरीही मला हे हवं आहे' एवढं म्हणून थांबता येतं. दहा मिनिटांत विषय संपवा. लग्नकार्यात, जेवणाच्या ताटावर, पाहुण्यांसमोर तो काढू नका.

आईवडील वाचत असतील तर

अपराधी वाटून घेण्याने मुलाचं काही भलं होत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. आईने बाळाशी खेळता खेळता दोनेक मिनिटं चेहरा निर्विकार ठेवायचा. बाळं आधी हसून, हात पसरून तिला परत बोलवतात, मग कोसळतात. याच संशोधनातून पुढे हेही दिसलं, की चांगल्या नात्यातसुद्धा आई आणि बाळाचे सूर बराचसा वेळ जुळलेले नसतात. ते पुन्हा जुळवून घेतात आणि नातं त्यावर टिकतं. मूल पंचवीस वर्षांचं झालं तरी हे करता येतं. 'तेव्हा मी तुला सगळ्यांसमोर बोललो, ते चुकलं' असं 'पण' न जोडता म्हणा. लगेच माफीची अपेक्षा धरू नका, आणि तुमच्या स्वतःच्या बालपणाची कहाणी त्या क्षणी सांगू नका. ती खरी असली तरी तिची वेळ वेगळी.

पायरी सहावी: एक भरवशाचं माणूस

हवाईमधल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि सहकाऱ्यांनी काही दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातलं भांडण, आईवडिलांचा आजार किंवा व्यसन अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुलं सक्षम, प्रेमळ माणसं म्हणून उभी राहिली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे आयुष्यात किमान एक स्थिर, माया करणारं माणूस: आजी, शिक्षक, शेजारी. आईवडीलच हवेत असं नाही. ज्यांचं विशीपर्यंत बिनसलं होतं त्यांच्यातलेही बरेच पुढे शिक्षण, चांगला जोडीदार किंवा एखादा समुदाय मिळाल्यावर सावरले.

तेव्हा असं माणूस कोण, याचा विचार करा. कसोटी साधी आहे: त्याच्याकडून परत येताना तुम्ही हलके होता की थकलेले? प्रेमातल्या जोडीदारावर हे सगळं ओझं टाकू नका. एक मैत्रीण, एखादी मावशी किंवा जुने सर, नियमित जाण्याची एखादी जागा, असं वाटून घ्या.

पायरी सातवी: तज्ज्ञाकडे कधी आणि कसं

दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास किंवा रिकामं वाटणं, झोप-भूक बिघडणं, अभ्यास-काम ठप्प होणं, दारू किंवा इतर नशेशिवाय संध्याकाळ न जाणं, स्वतःला इजा करणं, जुने प्रसंग जागेपणी पुन्हा घडल्यासारखे अनुभवणं. यातलं काहीही असेल तर एकट्याने झगडू नका. मरून जावं असं वाटत असेल, त्याचा मार्ग मनात आखला जात असेल, तर आजच कुणाला तरी सांगा, एकटे राहू नका, आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा.

कुणाकडे जायचं यात गोंधळ असतो. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, ते निदान करतात आणि औषध देऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक बोलण्यातून उपचार करतात. त्यांचं शिक्षण आणि अनुभव विचारण्यात काही गैर नाही. लहानपणच्या आघातावर उपचार हवे असतील तर आघातासाठीची वर्तन-विचार उपचारपद्धती किंवा ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) त्यांना येते का, हे नेमकं विचारा.

पहिल्या भेटीत सगळं बालपण उलगडावं लागत नाही. 'मला या तीन गोष्टींचा त्रास होतो, आणि माझ्या मते त्याचा घराशी संबंध आहे' एवढं पुरतं. वहीतली दोन पानं वाचून दाखवलीत तरी चालेल. तुम्ही सांगितलेलं कुणापर्यंत जाईल आणि कोणत्या परिस्थितीत गोपनीयता मोडावी लागते, हे आधीच विचारून घ्या. वय अठराच्या आत असेल तर घरच्यांना काय कळवलं जाईल, हेही.

तीन-चार भेटींनंतर आपलं ऐकलं जात नाही असं वाटलं, तर ते तिथेच सांगून बघा. चांगला तज्ज्ञ त्याने दुखावत नाही, पद्धत बदलतो किंवा दुसरं नाव सुचवतो. लहानपणी 'मोठ्यांना उलट बोलायचं नाही' या नियमात वाढलेल्यांना हे वाक्य तोंडातून काढणं फार जड जातं, म्हणून ते आधी कागदावर लिहून न्या.